पोटगी आणि घटस्फोट : पहिल्यांदाच कोर्टाची पायरी चढणाऱ्यांसाठी

"पोटगी किती मिळेल?" हा प्रश्न जवळपास प्रत्येक जण सगळ्यात आधी विचारतो आणि पहिल्या दिवशी त्याचं खरं उत्तर कुणाकडेच नसतं. रक्कम ठरते ती दोघांच्या कमाईचे आणि खर्चाचे कागद न्यायाधीशांसमोर आल्यावर. त्याआधी सोडवायचे प्रश्न वेगळे आहेत. कुठल्या कायद्याखाली मागायची? कुठल्या कोर्टात? समोरच्याची कमाई दाखवणारा कुठला कागद आपल्या हातात आहे?

मी वकील नाही. स्वतःच्या केसमध्ये तारखा घेत घेत जे समजलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. बायको मागते आणि नवरा देतो असं धरून बरंचसं लिहिलंय, कारण कोर्टात तेच जास्त दिसतं. पण देणाऱ्याच्या कामाच्या गोष्टीही मध्ये मध्ये आहेत. वकिलाचा सल्ला याने टळणार नाही, मात्र वकिलासमोर बसल्यावर काय विचारायचं ते कळेल.

१. आधी ठरवा : घटस्फोट हवा आहे की आत्ता खर्चाला पैसे?

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पोटगी मागायला घटस्फोट घ्यावा लागत नाही. नवऱ्याने घराबाहेर काढलं आहे, किंवा तो पैसे देत नाही, पण घटस्फोटाचा निर्णय अजून झालेला नाही, अशा वेळीही पोटगीचा अर्ज करता येतो. "आधी घटस्फोटाला तयार हो, मग पैशाचं बघू" असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नका. पोटगी साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, त्यामुळे वाट बघण्यात गेलेले महिने हातचे जातात.

घटस्फोटाचाच विचार असेल तर दोन मार्ग आहेत. एक संमतीचा, दुसरा लढण्याचा. लढण्याच्या मार्गात कायद्यात दिलेलं कारण सिद्ध करावं लागतं. हिंदू विवाह कायद्यात क्रूरता, विवाहबाह्य शरीरसंबंध, किमान दोन वर्षं सोडून जाणं, धर्मांतर अशी कारणं आहेत. "आमचं पटत नाही" एवढं कारण तिथे पुरत नाही. लग्न पूर्णपणे मोडलंय या आधारावर सर्वोच्च न्यायालय राज्यघटनेच्या कलम १४२ खाली विवाह संपवू शकतं, आणि २०२३ च्या निकालाने ते पुन्हा स्पष्ट केलं. पण तो अधिकार सर्वोच्च न्यायालयाचा आहे, तुमच्या कौटुंबिक न्यायालयाचा नाही. शिवाय लग्नाला एक वर्ष झाल्याशिवाय, अपवाद सोडला तर, घटस्फोटाचा अर्जच करता येत नाही.

*सापळा :* शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर "आम्ही राजीखुशीने फारकत घेत आहोत" असं लिहून नोटरी करायची पद्धत अजून चालू आहे. रूढीने मान्य असलेली आणि कोर्टात सिद्ध करता येणारी जमातीची प्रथा सोडली तर या कागदाने हिंदू विवाह मोडत नाही. त्याच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर ते बेकायदा ठरतं. अशा कागदात "यापुढे पोटगी मागणार नाही" असं लिहून घेतलेलं असेल, तरी तेवढ्याने हक्क संपला असं समजू नका. तो कागद वकिलाला दाखवा.

२. तुमच्या लग्नाला कुठला कायदा लागू आहे?

हिंदू विवाह कायदा, १९५५ हा हिंदूंसोबत बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. नोंदणी पद्धतीने, विशेष विवाह कायदा १९५४ खाली लग्न झालं असेल तर सगळं त्या कायद्याप्रमाणे चालतं. ख्रिश्चनांसाठी १८६९ चा घटस्फोट कायदा आहे, पारशांसाठी १९३६ चा. मुस्लिम घटस्फोटित स्त्रियांसाठी १९८६ चा कायदा आहेच, पण सर्वांना लागू असलेल्या फौजदारी तरतुदीखालीही त्या पोटगी मागू शकतात. १० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्ध सांगितलं आहे.

लग्नाचं प्रमाणपत्र काढून बघा. पुष्कळ जणांनी वैदिक विधीही केलेले असतात आणि रजिस्ट्रारकडे सहीही केलेली असते. ती सही कुठल्या कायद्याखाली होती हे प्रमाणपत्रावरच कळतं.

आणि एक मोठा गैरसमज इथेच काढून टाकू. घटस्फोट झाला की नवऱ्याच्या नावावरचं अर्धं घर बायकोला मिळतं, असा नियम महाराष्ट्रात नाही. ज्याच्या नावावर, त्याची मालमत्ता. (गोव्याची गोष्ट निराळी. तिथल्या नागरी संहितेत, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, पती-पत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाते.) मात्र स्त्रीधन, म्हणजे माहेरहून आणि सासरहून तुम्हाला मिळालेले दागिने, भेटवस्तू, पैसे, हे सर्वस्वी तुमचंच आहे. ते पोटगीत वळतं करता येत नाही. त्याची मागणी वेगळी करायची.

३. पोटगीच्या वाटा, आणि त्यातली आपली कुठली

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. एकाच गोष्टीसाठी वेगवेगळे कायदे आहेत आणि जो तो आपल्या अनुभवातला कायदा सांगत असतो.

*भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४.* पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, म्हणून याला "एकशे पंचवीस" म्हणत, आणि कोर्टाच्या आवारात अजूनही तेच नाव चालतं. १ जुलै २०२४ पासून क्रमांक बदलला. धर्म कुठलाही असो, बायको, घटस्फोटित आणि पुनर्विवाह न केलेली बायको, मुलं आणि स्वतःचा चरितार्थ न चालणारे आईवडील यांना हा मार्ग खुला आहे. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे अर्ज त्याच न्यायालयात जातो, नाहीतर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. तुम्ही सध्या राहता त्या ठिकाणीही अर्ज करता येतो. सासरच्या गावी खेटे घालायची गरज नाही. नवरा मात्र या कलमाखाली बायकोकडून पोटगी मागू शकत नाही.

*कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५.* मारहाणच व्हायला हवी असं नाही. पैसे न देणं, कमाई काढून घेणं, दागिने अडकवून ठेवणं हाही या कायद्याच्या भाषेत आर्थिक छळ आहे. इथे पैशासोबत राहण्याचा हक्क आणि संरक्षणाचा आदेशही मागता येतो. राहतं घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी त्यात राहण्याचा हक्क मागता येतो, हे २०२० च्या निकालापासून स्पष्ट आहे. तो राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नव्हे. घरातून बाहेर काढलं असेल तर माझ्या मते आधी हाच मार्ग बघावा. जिल्ह्यातल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे जा. अर्जाला मदत करणं हे त्यांचं काम आहे आणि त्याचे पैसे लागत नाहीत.

*हिंदू विवाह कायद्याची कलमं २४ आणि २५.* घटस्फोटाचा किंवा नांदवण्याचा दावा चालू असेल तर तो संपेपर्यंतच्या खर्चासाठी कलम २४, आणि निकालावेळी किंवा नंतर कायमच्या पोटगीसाठी कलम २५. ही दोन्ही कलमं पती आणि पत्नी दोघांसाठी आहेत. आजारपणामुळे कमावता न येणारा नवराही त्याखाली मागू शकतो. धडधाकट आणि शिकलेल्या नवऱ्याने नोकरी सोडून मागितली तर मात्र कोर्ट सहसा दाद देत नाही. कलम २४ मध्ये महिन्याच्या रकमेशिवाय दाव्याचा खर्चही मागता येतो, आणि लोक नेमका तोच लिहायचा विसरतात. विशेष विवाह कायद्यातल्या अशाच तरतुदी (कलम ३६ आणि ३७) फक्त पत्नीसाठी आहेत.

*हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६, कलम १८.* घटस्फोट नको, पण वेगळं राहून पोटगी हवी, अशा हिंदू पत्नीसाठी. हा दिवाणी दावा असतो. सज्ञान झालेल्या पण अविवाहित आणि न कमावणाऱ्या मुलीला वडिलांकडे खर्च मागायचा असेल तर याच कायद्याचं कलम २० कामाला येतं.

एकाहून जास्त मार्ग धरता येतात, पण पैसे दुप्पट मिळत नाहीत. आधीच्या आदेशातली रक्कम नंतरच्या आदेशात वळती होते, आणि आधीचा अर्ज, आदेश, मिळालेली रक्कम हे सगळं नव्या कोर्टाला सांगणं बंधनकारक आहे. लपवलं आणि समोरच्या वकिलाने ते बाहेर काढलं, की उरलेल्या सगळ्या सांगण्यावरचाही विश्वास उडतो.

४. "नांदायला ये" अशी नोटीस आली तर

पोटगीचा अर्ज करण्याची कुणकुण लागली की पुष्कळदा समोरून वकिलाची नोटीस येते : विनाकारण घर सोडून गेलात, आठ दिवसांत नांदायला या. मागोमाग हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली दावाही येतो. हेतू उघड असतो, कारण योग्य कारणाशिवाय नवऱ्याकडे राहायला नकार देणाऱ्या बायकोला कलम १४४ खाली पोटगी नाकारता येते.

घाबरू नका, पण गप्पही बसू नका. नोटिशीला वकिलामार्फत लेखी उत्तर द्या आणि घर का सोडावं लागलं ते तारखांसकट लिहा. दवाखान्याचे कागद, पोलीस ठाण्यातल्या तक्रारीची प्रत, त्या दिवसांतले मेसेज जपून ठेवा. समजा कलम ९ चा निकाल नवऱ्याच्या बाजूने लागला, तरी तेवढ्यावरून पोटगी आपोआप जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये म्हटलं आहे. न जाण्याला सबळ कारण होतं का, हे प्रत्येक प्रकरणात वेगळं पाहिलं जातं.

५. कागद गोळा करा, घर सोडण्याआधी जमलं तर उत्तमच

स्वतःचे :

- लग्नाचं प्रमाणपत्र. नसेल तर पत्रिका, फोटो आणि लग्नाला हजर असलेल्यांची नावं
- आधार, पॅन, राहत्या पत्त्याचा पुरावा
- मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या फीच्या पावत्या, औषधपाण्याची बिलं
- सगळ्या बँक खात्यांचे गेल्या तीन वर्षांचे उतारे, पगार असेल तर पगारपत्रकं, आयकर विवरणपत्रं
- घरभाडं, वीज, किराणा, प्रवास यांचा महिन्याचा हिशेब
- दागिन्यांची यादी, बिलं, अंगावर दागिने दिसतात असे लग्नातले फोटो

समोरच्याचे, जे सहज हाती असेल ते :

- पगारपत्रक, फॉर्म १६, आयकर विवरणपत्र, बँकेचं नाव आणि शाखा
- धंदा असेल तर दुकानाचा परवाना, जीएसटी क्रमांक, दुकानाच्या पाटीचा फोटोसुद्धा
- शेती असेल तर सातबारा आणि आठ-अ, ऊस जात असेल तर कारखान्याच्या बिलाच्या पावत्या, दूध डेअरीचं खातं
- गाडीचे कागद, विमा पॉलिसी, भाड्याने दिलेल्या खोल्यांची माहिती

सातबारा आणि आठ-अ महाभूलेख संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. पगारपत्रक मिळालं नाही तर अडून बसू नका. नोकरीचं ठिकाण नक्की माहीत असेल तर ते मागवण्याचा आदेश द्यावा, असा अर्ज कोर्टात करता येतो. पासवर्ड चोरून दुसऱ्याच्या ईमेलमध्ये शिरणं मात्र टाळा. त्यातून तुमच्यावरच गुन्हा ओढवू शकतो.

मेसेजचे स्क्रीनशॉट काढाल तेव्हा नंबर आणि तारीख दिसू द्या, आणि मूळ फोन विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील तयार करून देतात.

६. वकील, आणि वकिलाला पैसे नसतील तर

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे साधा अर्ज द्यायचा. देशभरासाठी १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक आहे. महाराष्ट्रात पोटगी आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने. त्यामुळे "कोर्ट फीचे" म्हणून कुणी मोठी रक्कम मागितली तर कशाची ते विचारा.

कौटुंबिक न्यायालयाच्या कायद्यात वकील हा हक्क म्हणून नाही. न्यायालयाच्या परवानगीने तो हजर राहतो. प्रत्यक्षात परवानगी मिळते. पण न्यायाधीश तुम्हालाच थेट प्रश्न विचारतील हे गृहीत धरून चला. आपल्या अर्जात काय लिहिलंय ते आपल्याला माहीत नसणं फार वाईट दिसतं. सही करण्याआधी अर्ज शब्दन् शब्द वाचा, मराठीत समजावून घ्या आणि त्याची एक प्रत घरी ठेवा.

७. उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र : सगळं इथे ठरतं

४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात पोटगीच्या सगळ्या अर्जांसाठी एक चौकट घालून दिली. त्यानुसार मागणाऱ्याने आणि देणाऱ्याने, दोघांनीही, आपलं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज आणि खर्च ठरावीक नमुन्यात शपथेवर सांगायचा असतो. शेतीवर जगणाऱ्यांसाठी नमुना वेगळा आहे, परिशिष्ट २. शहरातला वकील सवयीने परिशिष्ट १ पुढे करतो. शेतकरी कुटुंब असेल तर आठवण करून द्या, नाहीतर जमीन, बागायत-जिरायत, जनावरं, पिकाचं उत्पन्न हे रकानेच गळतात.

शपथपत्राला सवड काढून बसा. दोन गोष्टींवर मी जास्तच जोर देईन.

पहिली, खर्चाचे आकडे खरे लिहा. महिन्याचा खर्च फुगवून लिहिला आणि बँकेच्या उताऱ्यात त्याच्या पावपटही दिसला नाही, तर उलटतपासात समोरचा वकील नेमका तोच रकाना उघडतो. उलट टोकही नको. माहेरी राहता म्हणून "भाडं शून्य, किराणा शून्य" लिहू नका. भाऊ आज खर्च करतो म्हणून नवऱ्याची जबाबदारी संपत नाही.

दुसरी, स्वतःची नोकरी लपवू नका. कमावती बायको पोटगी मागूच शकत नाही हे खरं नाही. तिच्या कमाईत सासरी होतं तसं राहणीमान राखता येत नसेल, किंवा मुलांचा खर्च भागत नसेल, तर कोर्ट विचार करतं. शिकलेली आहे, कमावू शकते, एवढ्या कारणावर पोटगी थेट नाकारता येत नाही. कमावण्याची पात्रता आणि प्रत्यक्ष कमाई या वेगळ्या गोष्टी आहेत असं सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं आहे. पण भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावरून किंवा आयकराच्या नोंदीवरून लपवलेली नोकरी उघडी पडली, की प्रकरण पोटगीचं राहत नाही, खोट्या शपथेचं होतं.

देणाऱ्यांच्या नेहमीच्या युक्त्याही कोर्टाला पाठ आहेत. केस सुरू झाल्यावर अचानक नोकरी सुटते, दुकान भावाच्या नावावर जातं, पतसंस्थेचं मोठं कर्ज निघतं आणि हातात येणारा पगार चिमूटभर दिसतो. आयकर, भविष्य निर्वाह निधी अशा सक्तीच्या कपाती कोर्ट वजा धरतं. स्वखुशीने काढलेल्या कर्जाचे हप्ते सहसा नाही. केस दाखल होण्याच्या आधीची पगारपत्रकं म्हणूनच मोलाची. खरोखर नोकरी गेली असेल तर देणाऱ्याने राजीनाम्याचा नव्हे, नोकरकपातीचा कागद आणि नवीन नोकरी शोधत असल्याचा पुरावा जोडावा.

८. अर्ज दाखल केल्यावर काय काय होतं

अर्जाला क्रमांक पडतो आणि सीएनआर नावाचा सोळा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि त्या दिवशी काय झालं ते घरबसल्या दिसतं. वकिलाच्या फोनची वाट बघायची गरज उरत नाही.

मग समोरच्याला समन्स जातं. पत्ता चुकीचा किंवा अर्धवट असेल तर समन्स परत येतं आणि महिने जातात. म्हणून घरचा आणि कामाचा, दोन्ही पत्ते द्या. समन्स लागूनही तो आला नाही तर प्रकरण एकतर्फी चालू शकतं. समन्स तुम्हाला आलं असेल तर एकच सांगणं : घ्या आणि हजर व्हा. दार न उघडल्याने केस थांबत नाही.

कौटुंबिक न्यायालयात पुढचा टप्पा विवाह समुपदेशकाचा. "तिथे गेलं की परत नांदायला पाठवतात" ही भीती अनाठायी आहे. समेट नको असेल तर तसं शांतपणे सांगा. पैसे, मुलांच्या भेटी, दागिने यांवर तिथे बोलणं होऊ शकतं आणि ते बोलणं गोपनीय मानलं जातं.

अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या पोटगीचा अर्ज मुख्य अर्जासोबतच द्या. कोर्टात त्याला बहुधा "निशाणी ५" म्हणतात. मुख्य निकालाला वर्षं लागतात, म्हणून घर चालतं ते या आदेशावर. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत यावर निर्णय व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो. समोरचा "म्हणणं" (लेखी उत्तर) द्यायला तारखा मागत राहिला तर प्रत्येक वेळी लेखी हरकत नोंदवा. शपथपत्र देण्यासाठी त्याला चार आठवडे आहेत, आणि दोनपेक्षा जास्त वेळा मुदत देऊ नये असं रजनेश विरुद्ध नेहा निकालातच सांगितलं आहे. वकिलाला त्या परिच्छेदाची आठवण करून देण्यात काही गैर नाही.

९. रक्कम कशी ठरते

ठरलेलं गणित नाही. "पंचवीस टक्के मिळतात" असं ऐकाल. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य मानली, तिथून हे पसरलं. तो अंदाज आहे, नियम नाही. दोघांची कमाई, मालमत्ता, वय, तब्येत, लग्न किती वर्षं टिकलं, संसारासाठी कुणी नोकरी सोडली, मुलं कुणाकडे आहेत, देणाऱ्यावर आईवडिलांची जबाबदारी आहे का, हे सगळं बघितलं जातं. करिअर सोडलं असेल तर तो मुद्दा तोंडी राहू देऊ नका. जुना नियुक्तीचा कागद, राजीनामा आणि त्या वेळचा पगार जोडा.

मुलांचा खर्च वेगळा मागा, वेगळ्या आकड्यात. बायकोने स्वतःची पोटगी सोडली तरी मुलांची सोडण्याचा अधिकार तिला नाही.

महिन्याची पोटगी मागताना दर काही वर्षांनी वाढीची अटही मागा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात महिन्याला ५०,००० रुपये आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ असा आदेश दिला आहे, तो दाखवता येईल.

१०. संमतीने घटस्फोट घेत असाल तर अटी लिहिताना

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबून दुसरं निवेदन द्यायचं. तडजोडीचे सगळे प्रश्न मिटले असतील आणि दोघं दीड वर्षाहून जास्त वेगळे असतील, तर हे सहा महिने माफ करण्याची विनंती करता येते. सप्टेंबर २०१७ चा अमरदीप सिंग निकाल त्यासाठीच दाखवतात.

हुकूमनामा (कोर्टाचा अंतिम लेखी आदेश) होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून पैशाचे टप्पे विचाराने बांधा. सगळी रक्कम पहिल्याच दिवशी देऊन बसू नका आणि सगळी "नंतर देतो" वरही सोडू नका. काही भाग पहिल्या अर्जावेळी, उरलेला दुसऱ्या निवेदनाच्या दिवशी कोर्टासमोर डिमांड ड्राफ्टने, ही रीत दोघांनाही सुरक्षित वाटते. "रक्कम मिळाली" अशा पुरशिसवर (कोर्टाला दिलेल्या लेखी निवेदनावर) सही करायची ती ड्राफ्ट हातात पडल्यावर किंवा खात्यात जमा दिसल्यावरच.

अटींमध्ये हे नेमकं लिहा : रक्कम, तारखा आणि चुकल्यास व्याज, दागिने कुठल्या दिवशी, कुणासमोर परत, मुलांची शाळा-कॉलेजची फी कोण भरणार आणि कुठपर्यंत, सुट्ट्या आणि भेटी, कोणते दावे कोण मागे घेणार. ४९८-अ (आता भारतीय न्याय संहिता, कलम ८५) ची, म्हणजे नवऱ्याकडून किंवा सासरकडून झालेल्या छळाची केस फिर्यादीने "मागे घेतो" म्हटल्याने संपत नाही. ती रद्द करायला दोघांना उच्च न्यायालयात जावं लागतं. त्या अर्जाला संमती देण्याची अट लिहून ठेवा.

दोघांच्या नावावर गृहकर्ज असेल तर इथे विशेष सावध राहा. "हप्ते यापुढे नवरा भरेल" असं हुकूमनाम्यात लिहिलं तरी बँक त्याला बांधील नाही. हप्ता चुकला की बँक दोघांच्या मागे लागते आणि दोघांचाही सिबिल स्कोअर खाली जातो. बँकेकडून आपलं नाव कमी झाल्याचं पत्र येईपर्यंत ती अट पूर्ण झाली असं धरू नका.

एकरकमी की दरमहा? समोरचा नियमित देणारा, पक्क्या नोकरीतला असेल तर दरमहा ठीक. धंदा करणारा, परदेशी जाण्याच्या तयारीतला किंवा आधीच थकवणारा असेल तर थोडी कमी का होईना, एकरकमी घ्यावी असं माझं मत. दरमहा मिळणारी पोटगी करपात्र उत्पन्न धरली जाते. एकरकमी रक्कम भांडवली स्वरूपाची मानून मुंबई उच्च न्यायालयाने ती करातून बाहेर ठेवलेली आहे. अटी पक्क्या करण्याआधी सीएला एकदा दाखवा.

११. आदेश झाला, पैसे येत नाहीत

ही वेळ पुष्कळांवर येते. कलम १४४ च्या आदेशाची प्रत तुम्हाला विनामूल्य मिळते, ती लगेच घ्या. थकलेल्या रकमेसाठी वसुलीचा अर्ज करायचा. दिवाणी आदेश असेल तर "दरखास्त" (आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करायची. कलम १४४ खालच्या थकबाकीसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. "देईल, देईल" म्हणत दोन वर्षं थांबलात तर वॉरंटच्या मार्गाने जुने महिने वसूल करता येत नाहीत. म्हणून काही महिने थकले की अर्ज, ही सवय ठेवा.

कोर्ट वॉरंट काढू शकतं आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकतं. कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही. पगारदार असेल तर पगारावर जप्ती आणता येते. एरवी पगाराचा मोठा भाग जप्तीपासून सुरक्षित असतो, पण पोटगीच्या हुकूमनाम्यात फक्त एक तृतीयांश पगार सुरक्षित राहतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात तर रक्कम थेट तुम्हाला द्यावी असा आदेश मालकाला देता येतो. नवरा दुसऱ्या गावी राहायला गेला असेल तर तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडूनही कलम १४४ च्या आदेशाची अंमलबजावणी होते.

देणाऱ्यांसाठी : रोख कधीच देऊ नका. बँकेतून पाठवा आणि "पोटगी, अमुक महिना" अशी नोंद टाका. मुलाला दिलेला मोबाइल किंवा परस्पर भरलेली फी पोटगीत आपोआप धरली जात नाही.

१२. परिस्थिती बदलली तर, आणि निकालानंतर

नोकरी गेली, पगार वाढला, मूल कॉलेजला गेलं, आजारपण आलं, तर रक्कम कमी-जास्त करण्यासाठी त्याच कोर्टात अर्ज करता येतो. अर्ज न करता स्वतःच रक्कम कमी केली तर उरलेली थकबाकी म्हणून चढत जाते. घेणाऱ्या पत्नीने पुनर्विवाह केला की तिची दरमहाची पोटगी थांबवून घेता येते. मुलांची चालू राहते.

लढून मिळालेल्या घटस्फोटानंतर अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसरं लग्न करू नका. अपील दाखल झालं असेल तर ते निकाली निघेपर्यंतही नाही.

हुकूमनाम्याच्या सहीशिक्क्याच्या दोन-तीन नकला एकदमच काढून ठेवा. पासपोर्ट, शाळा आणि बँक प्रत्येक जण मागतं आणि नंतर नकलेसाठी पुन्हा अर्ज करून थांबावं लागतं. त्याच आठवड्यात भविष्य निर्वाह निधी, विमा, बँक खाती आणि डीमॅट यांवरचं वारस म्हणून नोंदवलेलं नाव बदला. रेशनकार्डावरचं नाव तहसील कार्यालयात कमी करून घ्या, नाहीतर नव्या पत्त्यावर नवं कार्ड निघत नाही.